बाळाच्या मांडीवर जांभळी गाठ, प्लेटलेट्स ११ हजार, तरी प्लेटलेट्स चढवत नाहीयेत. का?

नवखा_मामा

नमस्कार मंडळी. भाच्याबद्दल विचारतोय. ताई आणि दाजी दोघंही वॉर्डात अडकलेत त्यामुळे वाचायचं-शोधायचं काम माझ्या गळ्यात आलंय आणि जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय.

बाळ अडीच महिन्यांचं आहे. जन्मतःच उजव्या मांडीवर बाहेरच्या बाजूला निळसर-लाल चट्टा होता, हाताला जरा कडक लागायचा. तेव्हा सांगितलं गेलं की हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ आहे, वर्षा-दोन वर्षांत आपोआप जाईल, म्हणून सगळे निर्धास्त होते. आणि गेल्या आठवड्यात मांडी एकदम टम्म सुजली, चट्टा जांभळा-काळपट पडला, कातडी ताणून चकाकायला लागली, हात लावला की गरम, आणि डायपर बदलताना पाय उचलला की बाळ किंचाळतं. पोटावर बारीक लाल ठिपके पण दिसले. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स ११ हजार, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) ७०, तेही खूप कमी, आणि डी-डायमर इतकं वाढलेलं की मशीनने नुसतं अमुक पेक्षा जास्त एवढंच छापलंय. मग मोठ्या हॉस्पिटलला हलवलं, एमआरआय झाला, आता म्हणतायत की हा कापोसिफॉर्म हिमँजिओएंडोथेलिओमा (थोडक्यात केएचई) आहे, रक्तवाहिन्यांचीच पण वेगळी गाठ, आणि सोबत कसाबाक-मेरिट फेनॉमेनन, म्हणजे त्या गाठीमुळे प्लेटलेट्स घटत जाणं.

आता मला कळत नाही ते असं की प्लेटलेट्स ११ हजार असताना चढवत का नाहीत? डेंग्यूमध्ये वगैरे २० हजाराखाली गेलं की घरचे किती धावपळ करतात आणि इथे डॉक्टर शांतपणे सांगतायत की रक्तस्राव नाही तोवर देणार नाही. दुसरं म्हणजे गाठ सरळ कापून का काढत नाहीत, मांडीतच तर आहे. तिसरं, सिरोलिमस नावाचं औषध सुरू करणार आहेत आणि ते मी शोधलं तर किडनी ट्रान्सप्लांटचं निघालं. आणि हा कॅन्सर आहे का? नेटवर हिमँजिओएंडोथेलिओमा टाकलं की लिव्हर, फुफ्फुस, हाडं, पसरतो असं काय काय येतं, ते वाचून ताईला काय सांगू समजत नाहीये. ज्यांना माहीत आहे किंवा अनुभव आहे त्यांनी प्लीज लिहा.

केतकीचं_पान

दादा आधी शांत व्हा, घाबरू नका. माझ्या मुलीला गालावर असाच होता, लालभडक, स्ट्रॉबेरीसारखा वर आलेला, आणि दोन महिन्यांची असताना इतक्या झपाट्याने वाढला की माझी झोप उडाली होती. प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं आणि थोड्याच दिवसांत रंग फिका पडायला लागला. एकच सांभाळायचं होतं की दूध पाजल्याशिवाय डोस द्यायचा नाही, कारण रिकाम्या पोटी साखर खाली जाऊ शकते, आणि उलट्या-जुलाब झाले, बाळ पीत नसलं तर डोस थांबवून डॉक्टरांना फोन. आता ती शाळेत जाते, जवळून बघितलं तरच कळतं. तुमच्याकडे प्रोप्रॅनोलॉल का देत नाहीयेत ते विचारा ना एकदा. उगाच जड औषधं कशाला.

रात्रपाळी

मुलांच्या रक्तविकार विभागात काम करतो. बाळाला मी बघितलेलं नाही, त्यामुळे तिथली टीम सांगेल तेच धरा, मी फक्त त्यांच्या सांगण्यामागचं कारण सांगतो.

केतकीताई, तुमचा अनुभव खरा आहे पण तो आजार वेगळा आणि हा वेगळा, आणि गोची नेमकी तिथेच होते. तुमच्या मुलीला होता तो इन्फंटाइल हिमँजिओमा. शंभरात चार-पाच बाळांना होतो, मुलींना आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जास्त. जन्मतः तो नसतोच किंवा फिकटशी खूण असते, मग पहिल्या काही आठवड्यांत फुलतो, साधारण पाच महिन्यांपर्यंत वाढ बरीचशी उरकते आणि पुढे काही वर्षांत ओसरतो. त्याला प्रोप्रॅनोलॉल लागू पडतं हे २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी लिहिलं, तेही योगायोगानेच लक्षात आलं, हृदयाच्या त्रासासाठी दिलेल्या औषधाने चेहऱ्यावरचा हिमँजिओमा मऊ आणि फिका पडायला लागला. पण असला हिमँजिओमा प्लेटलेट्स गिळत नाही. मामांनी वर्णन केलंय तो जन्मतः असलेला, कडक, जांभळा, अचानक फुगलेला आणि दुखणारा, सोबत प्लेटलेट्स आणि फायब्रिनोजेन दोन्ही तळाला. हे चित्र बघितल्यावर हिमँजिओमा समजून वाट बघत बसायचं नसतं. प्रोप्रॅनोलॉल एकट्याने यावर भरवशाचं नाही, म्हणून देत नसतील.

खरं तर हा गोंधळ डॉक्टर लोकांतही खूप वर्षं होता. १९४० मध्ये कसाबाक आणि मेरिट यांनी मोठी रक्तवाहिन्यांची गाठ आणि सोबत रक्तस्राव असलेल्या एका बाळाची केस लिहिली आणि तेव्हापासून मोठा हिमँजिओमा म्हणजे प्लेटलेट्सचा धोका असं पुस्तकात बसलं. कापोसिफॉर्म हिमँजिओएंडोथेलिओमा हे नाव आलं १९९३ मध्ये, आणि १९९७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी जुन्या केसेसचे तुकडे तपासून दाखवलं की हे साधे हिमँजिओमा नव्हतेच, ते केएचई होते किंवा त्याचंच सौम्य भावंड म्हणावं असा टफ्टेड अँजिओमा. तरी जुनं वाक्य अजून ठिकठिकाणी सापडतं. बायोप्सी केली तर ग्लट-१ नावाचा मार्कर हिमँजिओमात पॉझिटिव्ह येतो आणि केएचईमध्ये निगेटिव्ह, शिवाय केएचईमध्ये लिम्फ वाहिन्यांचे मार्कर दिसतात. पण रक्त गोठत नसताना सुई घालणं धोक्याचं, त्यामुळे लक्षणं, रक्ताचे आकडे आणि एमआरआय तिन्ही जुळत असतील तर बऱ्याचदा बायोप्सी पुढे ढकलतात किंवा करतच नाहीत. तुमच्याकडे केली नसेल तर तो हलगर्जीपणा नाही.

आता प्लेटलेट्स. डेंग्यूशी तुलना डोक्यातून काढून टाका. इथे प्लेटलेट्स गाठीच्या आत अडकतायत. गाठीतल्या वाहिन्यांच्या अस्तरावर पोडोप्लानिन नावाचं प्रथिन असतं, त्याला प्लेटलेट्स चिकटतात आणि कामाला लागतात, आत गुठळ्या होतात, त्यात फायब्रिनोजेन संपतं, गुठळ्या विरघळतात त्याचं डी-डायमर वाढतं, असं मानलं जातं. म्हणजे बाहेरून प्लेटलेट्स दिल्या तर त्या पण तिथेच जाऊन बसणार. नुसतं पालथ्या घड्यावर पाणी असतं तरी परवडलं असतं, पण त्याने गाठ आणखी सुजते आणि दुखते. आकडा तासा-दोन तासांसाठी वर येतो आणि परत खाली. म्हणून रक्तस्राव होत असेल किंवा एखादी प्रोसिजर करायची असेल तरच प्लेटलेट्स, आणि फायब्रिनोजेनसाठी लागलं तर क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे रक्तद्रवातून काढलेला फायब्रिनोजेनचा घटक. तुमचे डॉक्टर शांत आहेत ते त्यांना माहितीये म्हणून.

कापून काढायचं म्हणाल तर लहान आणि वेगळी दिसणारी गाठ असेल, रक्त गोठत असेल, तर काढतातही. पण ही गाठ कातडी, चरबी, स्नायू सगळ्यांत मुरत जाते, एमआरआयवर कड धड कुठे संपते ते दिसत नाही. ११ हजार प्लेटलेट्स घेऊन अशा मांडीत कोणी सर्जन आपणहून हात घालणार नाही.

कॅन्सर म्हणावा तर नाही, साधी गाठ म्हणावी तर तीही नाही. वर्गीकरणात तिला मधल्या खान्यात ठेवतात, म्हणजे जागच्या जागी आक्रमक पण कॅन्सरसारखी दूरच्या अवयवांत पसरत नाही. तुम्ही वाचलंत ते एपिथेलिऑइड हिमँजिओएंडोथेलिओमा, तो वेगळा ट्यूमर, मुख्यतः मोठ्या माणसांचा, लिव्हर-फुफ्फुस-हाडांत होणारा, आणि तो खरंच पसरू शकतो. आडनाव सारखं, नातं नाही. ताईला ते पान दाखवू नका. खरा धोका आत्ता रक्तस्रावाचा आहे, आणि गाठ छाती-पोटात असती तर दाबाचा पण झाला असता.

गोधडी

माझ्या मुलीला हाच आहे. तिचा खांदा आणि छातीच्या वरच्या बाजूला. रात्रपाळी डॉक्टरांनी आजाराचं लिहिलंच आहे, मी घरचं सांगते, कारण डिस्चार्ज मिळाला की सगळं तुमच्यावर येतं आणि कागदावर चार ओळी असतात फक्त.

सिरोलिमसचं एक म्हणजे ते लगेच जादू करत नाही. आमच्याकडे आधी सूज मऊ झाली, कातडीचा तो चकाकणारा ताण गेला, आणि मग आकडे चढायला लागले. त्या मधल्या काळात रोज रिपोर्ट बघून जीव खाली-वर व्हायचा. शेवटी नवऱ्याने सांगितलं की रिपोर्ट एकाच माणसाने बघायचा आणि फक्त डॉक्टरांनी काही बदललं तर बाकीच्यांना सांगायचं, तुम्ही पण मामा म्हणून ते काम घ्या, बहिणीला आकड्यांपासून जरा लांब ठेवा.

औषधाची लेव्हल बघायची असते तेव्हा रक्त सकाळचा डोस द्यायच्या आधी काढायचं. हे पक्कं लक्षात ठेवा कारण लॅबमध्ये उशीर होतो, बाळ रडतं, आणि कोणीतरी सवयीने डोस देऊन टाकतं, मग ती लेव्हल कामाची राहत नाही. दोन डोसमधलं अंतर रोज सारखं ठेवायचं. तोंडात छाले येतात, आमच्याकडे आले होते, दूध प्यायला त्रास व्हायचा, डॉक्टरांनी डोस जरा बदलला. आणि कुठलंही नवीन औषध दुसऱ्या डॉक्टरकडून घेताना आधी सिरोलिमस चालू आहे म्हणून सांगायचं. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनाझोलने लेव्हल एकदम वर जाते, फिटच्या काही औषधांनी खाली जाते.

मोजायचं कसं ते सांगते कारण हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आमच्या फिजिओने शिकवलं. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून ठराविक अंतरावर पेनाने बारीक ठिपका द्यायचा, मऊ टेप त्या ठिपक्यावरून फिरवायची, ओढायची नाही, नुसती टेकवायची, आणि दुसऱ्या पायाचं पण त्याच उंचीवर माप घ्यायचं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. नाहीतर बाळ अंगानेच वाढत असतं आणि आपल्याला वाटतं गाठ वाढली. फोटो एकाच खिडकीच्या उजेडात काढा, ट्यूबलाइटमध्ये सगळंच जांभळं दिसतं.

आणि त्या मांडीत इंजेक्शन द्यायचं नाही. कुठलंच. लसीचं पण नाही. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, कारण ड्युटी बदलली की नवीन माणसाला माहीत नसतं.

नवखा_मामा

दोघांचे मनापासून आभार, ताईला मी थोडक्यात सांगितलं, ती म्हणाली आडनाव सारखं नातं नाही हे वाक्य दाजींना पण ऐकव. बायोप्सी केलेली नाही, आता कारण कळलं. काल सिरोलिमस सुरू झालं आणि सोबत स्टेरॉइड पण दिलंय, ते दोन्ही का? आणि कोट्रिमॉक्साझोल म्हणून एक अँटिबायोटिक आठवड्यातून ठराविक दिवशी द्यायला सांगितलंय, बाळाला इन्फेक्शन तर नाहीये मग कशाला? लसींचं काय करायचं ते पण विचारायचं राहिलं.

रात्रपाळी

स्टेरॉइड सुरुवातीला, सिरोलिमसचा जम बसेपर्यंत. २०१३ च्या सुमारास तज्ज्ञांची सहमती व्हिन्क्रिस्टिन (केमोथेरपीचं औषध) आणि स्टेरॉइडवर होती. व्हिन्क्रिस्टिन शिरेतूनच द्यावं लागतं, दर आठवड्याला, त्यासाठी मोठी लाइन टाकावी लागते. नंतर सिरोलिमसचे अनुभव चांगले येत गेले आणि ते तोंडाने देता येतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी आता तेच आधी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत कसाबाक-मेरिट असलेल्या मुलांमध्ये नुसत्या सिरोलिमसपेक्षा सिरोलिमस आणि प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइडच) जोडीने दिल्यावर प्लेटलेट्स लवकर सुधारल्या. स्टेरॉइड पुढे हळूहळू उतरवतात, अचानक बंद करायचं नाही, आणि चालू असेपर्यंत बीपी बघत राहतात.

किडनीचं औषध म्हणून बिचकू नका. रापा नुई म्हणजे ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून हे निघालं, म्हणून जुनं नाव रापामायसिन. पेशींना वाढ, वाढ असं सांगणारा एमटॉर नावाचा मार्ग ते दाबतं. ट्रान्सप्लांटमध्ये त्याने प्रतिकारशक्ती आवरतात, इथे गाठीच्या वाहिन्यांची वाढ आवरायची असते. पण प्रतिकारशक्ती इथेही दबतेच, कोट्रिमॉक्साझोल त्यासाठी. न्यूमोसिस्टिस नावाचा न्यूमोनिया होऊ नये म्हणून ते आधीपासून देतात. सिरोलिमसवर असलेली केएचईची लहान बाळं या न्यूमोनियाने दगावल्याची नोंद आहे, त्यामुळे हे औषध साधं समजून डोस चुकवू नका. ताप आला, श्वास जोरात चालला, बाळ पिईना, तर सकाळची वाट न बघता दाखवायचं, आणि आजारपणात सिरोलिमस चालू ठेवायचं की थांबवायचं ते टीमला विचारायचं, आपल्या मनाने नाही.

जिवंत लसी, म्हणजे रोटाव्हायरस, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, तोंडाचा पोलिओ, या औषध चालू असताना टाळतात. निर्जीव लसी चालतात, पण प्लेटलेट्स सावरल्यावर आणि दुसऱ्या पायात. पुढचं वेळापत्रक टीमकडूनच लिहून घ्या.

पावसाळी_चहा

हे वाचून पोटात गोळा आला. आमच्या बाळाला डोक्यावर आणि पाठीवर मिळून छोटे छोटे लाल ठिपके आहेत, सहा-सात असतील, डॉक्टर हिमँजिओमाच म्हणालेत. प्लेटलेट्स तपासून घेऊ का?

रात्रपाळी

नुसत्या तेवढ्यासाठी नको. लाल, मऊ, न दुखणारे ठिपके आणि बाळ मजेत आहे, तर प्लेटलेट्सचा संबंध नाही. केएचई इतका दुर्मिळ आहे की वर्षाला दहा लाख मुलांत एखादी नवीन केस पण होत नाही. मात्र त्वचेवर पाच किंवा जास्त हिमँजिओमा असतील तर पोटाची सोनोग्राफी करतात, लिव्हरमध्ये आहेत का ते बघायला, आणि लिव्हरमध्ये बरेच असतील तर थायरॉइड पण, कारण ती गाठ थायरॉइडचं हार्मोन निष्क्रिय करणारं एन्झाइम बनवते. ते डॉक्टरांना विचारा. डोळ्याजवळ, नाकाच्या टोकावर, ओठावर किंवा चेहऱ्याचा मोठा भाग व्यापलेला असेल, किंवा कमरेच्या खाली मध्यरेषेवर असेल, तर बाळ महिन्याचं असतानाच तज्ज्ञाला दाखवायला हवं, जाईल आपोआप म्हणत थांबायचं नाही. यापेक्षा जास्त विचारायचं असेल तर वेगळा धागा काढा, इथे मामांचा चालू दे.

नवखा_मामा

चालेल हो, त्यांचाही जीव टांगणीला असणार. माझा शेवटचा प्रश्न, हे किती दिवस? आणि पूर्ण जातं का? दाजींना खरं ऐकायचंय, गोड नको.

गोधडी

गोड नाही सांगत. आमच्याकडे प्लेटलेट्स नॉर्मल होऊन बराच काळ झाला, गाठ चपटी झाली, तरी खांद्यावर फिकट तांबूस डाग आणि आत जाडसरपणा आहे. एकदा औषध उतरवायला घेतलं तर सूज परत आली म्हणून पुन्हा चढवलं. आता परत हळूहळू उतरवतोय. ती धावते, भांडते, भावाला मारते. हात पूर्ण वर जायला मात्र फिजिओ लागलीच, आणि आम्ही ती उशिरा सुरू केली याची मला रुखरुख आहे, कोणी सांगितलंच नाही. तुमच्याकडे मांडी आहे म्हणजे गुडघा आणि खुबा दोन्ही बघायला सांगा, सूज उतरली की लगेच.

रात्रपाळी

गोधडीताई म्हणतात तेच. एमआरआयवर थोडा अवशेष बहुतेकांत राहतो, पूर्ण पुसलं गेलं असं सहसा होत नाही. औषध कमीत कमी कित्येक महिने, बऱ्याचदा वर्ष आणि त्याहून जास्त, आणि थांबवल्यावर उचल खाऊ शकते म्हणून पायरी-पायरीने. काही वर्षांनी त्या जागी दुखणं, सूज किंवा सांधा आखडणं येऊ शकतं, म्हणून प्लेटलेट्स नॉर्मल झाल्या की फॉलोअप सोडायचा नाही. पण दाजींना हेही सांगा की कसाबाक-मेरिटचा हा टप्पा एकदा आटोक्यात आला की जिवावरचं संकट बरंचसं मागे पडतं, पुढचा त्रास पायाचा असतो.

उद्याच्या राउंडला तीन गोष्टी विचारा. पहिली सिरोलिमस लेव्हल कधी काढणार आणि किती हवी आहे, कारण प्रत्येक सेंटरचं टार्गेट थोडं वेगळं असतं आणि इतक्या लहान बाळात औषध शरीरातून हळू बाहेर पडतं. किती आकड्याला किंवा कुठल्या लक्षणाला ते प्लेटलेट्स द्यायचं ठरवतील. आणि रात्री रक्तस्राव दिसला तर फोन कोणाला करायचा, तो नंबर.

नवखा_मामा

लिहून घेतलं. लेव्हल परवा सकाळी काढणार आहेत, डोसच्या आधी, ते मी नर्सना दोनदा सांगून आलोय. मांडीत इंजेक्शन नको ते पण फाइलवर लिहून घेतलं, सिस्टर म्हणाल्या बरं झालं सांगितलंत. आज प्लेटलेट्स १४ हजार. ताईला सांगितलं नाही अजून.